छप्पन्नाव्या पानावरची आई

मी एक जुनं गाईड आहे. इंग्रजी निबंधांचं गाईड, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी छापलेलं. माझी पाठ उसवली आहे आणि कव्हर चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला पुढे येणाऱ्या वस्तू बहुधा थोर असतात. छत्री सांगते मी दुसऱ्यासाठी भिजले, चप्पल सांगते मी दुसऱ्यासाठी झिजले. झिजलो तर मीही आहे, आणि मुलांसाठीच झिजलो आहे. पण त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, हे मला फार उशिरा उमगलं. म्हणून हे सगळं मी मान खाली घालून सांगतो आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. ज्या गृहस्थांनी मला लिहिलं त्यांना मजकूर घाईघाईनं द्यायचा होता. चहावर चहा ढोसत त्यांनी माझे सगळे निबंध हातावेगळे केले. झाडांचं महत्त्व, मोबाइलचे फायदे-तोटे, माझा आवडता खेळ, माझी आई. त्यांची स्वतःची आई कशी होती, होती की नव्हती, मला ठाऊक नाही. पण छप्पन्नाव्या पानावर त्यांनी जी आई बसवली ती मोठी झोकात होती. ती पहाटे पाचला उठायची, अंगणातल्या गुलाबांना पाणी घालायची, स्कूटरवरून बँकेत जायची आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायची. तिचे हात फुलांच्या पाकळ्यांसारखे मऊ होते. व्याकरणाची एक चूक त्या पानावर सापडायची नाही. मला त्या पानाचा भारी अभिमान होता.

तिथून मी गठ्ठ्यात बांधून जालन्याला आलो. मस्तगडातल्या एका दुकानात भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या हरिओमनं मला विकत घेतलं. पोरगा हुशार, पण इंग्रजीचा पेपर म्हटला की त्याला हुडहुडी भरायची. त्यानं एक युक्ती केली. माझ्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अक्षरांत उच्चार लिहून काढले, 'माय मदर गेट्स अप अ‍ॅट फाइव्ह', आणि गच्चीवर येरझाऱ्या घालत सगळं घोकलं. अर्थाच्या भानगडीत तो पडला नाही. दसऱ्याला त्यानं मला पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. तो पिवळा डाग माझ्या कपाळावर अजून आहे. हरिओम पास झाला आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मी डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली गेलो. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय.

खाटेखाली धूळ खात पडलो असताना एका दुपारी मी प्रीतीचं रडणं ऐकलं. प्रीती म्हणजे हरिओमची चुलतबहीण. ती गावातल्याच कॉलेजात बारावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. नर्सिंगला इंग्रजीत निदान चाळीस तरी गुण असावे लागतात. तिचे वडील मच्छिंद्र टेंभुर्णीला एका गॅरेजात कामाला, आणि आई वंदना शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, क्रॉसिंगला जायची. आमच्याकडे बियाण्याचे प्लॉट पुष्कळ. क्रॉसिंग म्हणजे टोमॅटोची उमलायच्या बेतातली कळी संध्याकाळी चिमट्यानं उघडायची, आतला नराचा भाग काढून टाकायचा, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून तिला लावायचा. त्यातून नव्या वाणाचं बी तयार होतं. टोमॅटोच्या झाडाचा हिरवट-काळा डाग बोटांवर बसतो आणि कितीही घासलं तरी निघत नाही. वंदनाची बोटं बारा महिने तशीच असायची.

झालं होतं असं. चाचणी परीक्षेत इंग्रजीच्या राजानंद सरांनी 'माझी आई' हा निबंध दिला. प्रीतीकडे गाईड नव्हतं. तिनं आपल्या मनानं लिहायचं ठरवलं. पण क्रॉसिंग कसं सांगावं ते तिला समजेना. बराच वेळ पेन चावून तिनं लिहिलं, 'माय मदर डू मॅरेज ऑफ फ्लॉवर.' पुढच्या चार-पाच ओळीही तशाच मोडक्यातोडक्या. सरांनी पेपर लाल करून टाकला आणि वर तो वर्गात वाचून दाखवला. "अरे वा, फुलांचं लग्न! पत्रिका कोणी छापल्या? जेवणावळी उठल्या का?" वर्ग खो खो हसला. दहापैकी दोन गुण मिळाले. प्रीतीनं तो पेपर घरी येताना नाल्याजवळ फाडून टाकला.

"येडी हायेस का तू?" हरिओम म्हणाला. "सोताचं लिव्हत कशाला बसलीस? गाईडमधलं टाकून द्यायचं बिनधास्त. बोर्डात कोन इचारतंय तुझ्या आईला?"

त्यानं मला खाटेखालून ओढून काढलं, झटकलं आणि प्रीतीच्या हातात दिलं. माझ्या जागी एक वीट गेली. खाटेला आमच्यात काही फरक जाणवला नाही.

पण मी हरखलो होतो. पुन्हा माझे दिवस आले होते. प्रीती पहाटे उठून मला मांडीवर घ्यायची आणि छप्पन्नावं पान घोकायची. चुलीजवळ भाकरी थापत वंदना कान देऊन ऐकायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण एक शब्द तिच्या ओळखीचा होता.

"मदर मदर करून राह्यली तू," ती एकदा म्हणाली. "माझ्यावर हाय का गं ते?"

"हां."

"काय काय हाय त्यात?"

"परीक्षेचं हाय आई. तुला न्हाई कळायचं."

वंदना हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. आपल्यावर काहीतरी लिहिलेलं आहे, एवढ्यावरच ती खूश होती. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज सांगताना जीव शरमतो.

पुढच्या चाचणीत प्रीतीला नऊ गुण पडले. खरं म्हणजे अर्ध्या वर्गाला नऊ-नऊ पडले, कारण अर्ध्या वर्गाची आई छप्पन्नाव्या पानावरची होती. कोणाची आई पापड लाटत होती, कोणाची आई अंगणवाडीत होती, परवेजची आई अकबरबी लग्नाच्या ओढण्यांना किनार लावून द्यायची. पण त्या पेपरात सगळ्याजणी झाडून बँकेत गेल्या आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवत बसल्या. सरांना ते कळत नव्हतं असं नाही. पण तपासायला ढीगभर पेपर, आणि बिनचूक निबंध समोर आला की मार्क देऊन मोकळं होता येतं. "याला म्हणतात प्रगती," ते प्रीतीला म्हणाले. "पालक मेळाव्यात तूच हा निबंध म्हणून दाखव."

प्रीतीची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर आई समोर बसणार. तिनं घरी मेळाव्याचं काही सांगितलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गावात अशी मूठ कुठं झाकून राहते? प्लॉटवर सोबत काम करणाऱ्या तुळजाबाईनं वंदनाला सांगितलं, "तुझ्या पोरीचं इंग्रजीत भाषण हाय म्हणं, तुझ्यावरच."

मेळाव्याच्या दिवशी वंदना सकाळचं काम आटोपून तशीच आली. केस विंचरलेले, लुगडं ठेवणीतलं, पण बोटं तीच. ती बायकांच्या रांगेत मागे बसली. प्रीतीनं तिला पाहिलं आणि माझ्यावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की माझं कव्हर चुरगाळलं. मला खुर्चीवर ठेवून ती माइकपाशी गेली. तिनं निबंध म्हटला. एकदाही न अडखळता, धबधब्यासारखा. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या रामराव दादांनी वाजवल्या.

राजानंद सर खुशीत होते. "प्रीतीच्या आई आल्यात का? या, पुढं या ताई. पोरगी तुमच्यावरच बोलली."

वंदना पदर सावरत पुढे आली. "मला इंग्रजी कुठं येतं सर," ती लाजत म्हणाली. "मराठीत सांगा की. मी बी ऐकते."

"हां हां, सांगा," रामराव दादा म्हणाले. "आम्हाला बी कळू द्या."

प्रीती मागून हळूच म्हणाली, "सर, नको." पण सर सांगायलाही लागले होते. "माझी आई पहाटे पाचला उठते."

"बराबर हाय," वंदना म्हणाली. बायका हसल्या.

"ती अंगणातल्या गुलाबांना पाणी घालते. मग ती स्कूटरवरून बँकेत..."

सर थांबले. निबंध त्यांनाही इतका पाठ होता की तो आपण कोणासमोर म्हणतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वंदनानं मागे वळून पाहिलं. आणखी कोणी बाई उभी आहे का, ते पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"पुढं?" रामराव दादांनी विचारलं. त्यांना काहीच उमजलेलं नव्हतं.

सर घुटमळले. मधलं सगळं गाळून त्यांनी शेवटचं वाक्य धरलं. त्यांना वाटलं असावं की हे तरी कोणत्याही आईला चालेल. "तिचे हात फुलांच्या पाकळ्यांसारखे मऊ आहेत."

वंदनानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते मी त्या क्षणी अनुभवलं. मी खुर्चीवर पडलो होतो, कव्हर वर करून, सगळ्यांना दिसेल असा. ते वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी ते मिरवत आलो होतो. त्यात एक अक्षर चुकलेलं नव्हतं, आणि तरी त्यानं एका बाईला आपले हात लपवायला लावले. वंदना मात्र हसून म्हणाली, "हां सर, बराबर हाय समदं. लई चांगलं लिव्हलं पोरीनं." चारचौघांत लेकीचं हसं होऊ नये म्हणून ती बाई खोटं बोलली.

दोघी घरी निघाल्या. मी प्रीतीच्या पिशवीत होतो. नाला ओलांडल्यावर वंदनानं विचारलं, "ती बाई कोन हाय गं?"

"कोन्ची?"

"बँकेतली."

"गाईडमधली हाय." प्रीती म्हणाली. "समद्यांनी तीच लिव्हली आई. मी एकटीनं न्हाई."

"चांगली हाय," वंदना म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "माझं लिव्हन्यासारखं काईच न्हवतं का?"

तिनं ते रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. प्रीती रस्त्यातच रडायला लागली. आधी तुझंच लिहिलं होतं, वर्ग हसला, मला लाज वाटली, मी पेपर फाडला, असं सगळं तिनं सांगितलं. वंदनानं तिचे डोळे पुसले आणि जल्दी चाल म्हणाली, कळ्या उघडायची वेळ झाली होती. पण त्या दिवसानंतर प्रीती मला घोकत असताना वंदना कधी कान देऊन बसली नाही.

सोमवारी राजानंद सर वर्गात आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "गाईड आत ठेवा," ते म्हणाले. "आपापल्या आईवर पाच ओळी लिहा. चुकलं तरी चालेल. मी लाल पेन आणलेलाच नाही."

मी पिशवीच्या फटीतून पाहत होतो. एक पेन हलेना. ही मुलं पहिलीपासून फळ्यावरचं उतरवत आलेली, आणि फळ्यावर काही नसलं की त्यांच्याकडेही काही नसे. आसिफा म्हणाली, "सर, पहिली ओळ तरी द्या ना. मंग लिव्हतो आम्ही." प्रीतीनं 'माय मदर' असे दोन शब्द लिहिले आणि तिसऱ्या शब्दापासून हात आपोआप धावू लागला. गुलाब, स्कूटर, बँक. तिनं खोडलं. पुन्हा 'माय मदर' लिहिलं. पुन्हा गुलाब. मी तिच्या डोक्यात असा ठाण मांडून बसलो होतो की तिच्या आईला आत यायला जागा उरली नव्हती. एकेकाळी तिला मोडकं का होईना लिहिता येत होतं. आता तेही येईना.

सर तिच्या बाकापाशी आले. "तुझा पहिला पेपर आहे का गं?"

"फाडला सर."

सर खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग परत येऊन हळूच म्हणाले, "त्यात निदान आई तुझी होती. मी उगाच हसलो. तिथूनच परत सुरू करू."

ते सोपं गेलं नाही. प्रीती सुट्टीच्या दिवशी आईबरोबर शेडनेटमध्ये जाऊन बसायची आणि जे दिसेल त्याची एक-एक ओळ करायची. माय मदर स्टँड्स ऑल डे. हर फिंगर्स आर ब्लॅक. शब्द अडला की माझ्या शेवटच्या पानांवरची शब्दांची यादी चाळायची. ती यादी कोणी कधी उघडली नव्हती. तिच्या पानांना अजून छापखान्याचा वास होता. सर चुका पेन्सिलीनं बाजूला लिहायचे. पाच ओळींत चार चुका निघायच्या, मग तीन, मग पुन्हा पाच. "असं कवा जमायचं सर?" ती वैतागायची. तरी लिहायची. वंदना हातातलं फूल न सोडता विचारायची, "आता काय लिव्हलं?" आणि प्रीती सांगायची.

बोर्डाच्या पेपरच्या सकाळी हरिओम दारात आला. "हे बघ, रिस्क घेऊ नको. नर्सिंगचा सवाल हाय. तपासनारा तुझ्या आईला वळखत न्हाई. नऊ मार्कांची बाई तयार हाय, तिलाच टाक."

प्रीतीनं वंदनाकडे पाहिलं. वंदना नुसती म्हणाली, "तुला पास करंल तीच लिव्ह. मला काई वाटायचं न्हाई."

परीक्षेच्या वर्गाच्या दारात सगळ्यांच्या पिशव्या बाहेर ठेवल्या. त्या ढिगाऱ्यात मी प्रीतीच्या पिशवीत पालथा पडलो होतो. आत पेपर सुरू होता. मित्रांनो, इतकं सगळं पाहूनही मला मनातून काय वाटत होतं सांगू? तिनं मलाच लिहावं, असं वाटत होतं. पोरगी नापास झाली तर, हे भय होतंच. पण सवयही होती, आणि गर्वही. लाज वाटली तरी खोड जात नाही. पेपर संपल्यावर ती बाहेर आली, पिशवी उचलली आणि घरी चालत गेली.

निकाल मोबाइलवर लागला तेव्हा मी घरातल्या फळीवर होतो. हरिओमच मोबाइल घेऊन आला होता. प्रीती पास झाली होती. इंग्रजीत एक्केचाळीस. नर्सिंगचा दरवाजा उघडा राहिला, पण जेमतेम.

"एक्केचाळीस?" हरिओम म्हणाला. "गाईड दिल्तं तुला, तरी?"

वंदना कामावरून नुकतीच आली होती. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "महत्त्वाच्या मानसावर लिव्हा म्हनून आल्तं ना तुमाला? त्या बँकेतल्या बाईला लिव्हलं असतंस तर किती पडले असते?"

"अजून चार-पाच तरी."

"मंग सोडले कशाला?"

प्रीती मग म्हणाली, "ते तिचे असते आई. हे आपले हायेत."

मी फळीवरून पाहिलं, वंदनाचे दोन्ही हात लेकीच्या गालांवर होते आणि ते लपवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आता जूनमध्ये मी आणखी कोणाच्या तरी हाती जाईन. माझे भाऊबंद शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात की आम्हाला जपा, फाडू नका, फेकू नका. मला तेवढं मागायचं तोंड नाही. माझ्याकडून शब्द घ्या, वाक्य कसं उभं राहतं ते बघा, अडलात तर शेवटची पानं उघडा. त्या कामाला मी अजून धडधाकट आहे. आणि कोणी मोडक्या इंग्रजीत आपलं खरं सांगू लागला तर हसू नका, एवढं करा. पण आई माझ्याकडून घेऊ नका. मी तिला पुष्कळ शोधलं आहे. छप्पन्नाव्या पानावर नुसती शाई आहे.